कुकी, संमती आणि खासगीपणा : साइट चालवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

साइट बनवून देताना आणि पुढे ती सांभाळताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ही उत्तरं म्हणजे कायदेशीर सल्ला नव्हे. पण वकिलाकडे जाण्याआधी स्वतःच्या साइटवर काय चाललंय ते माहीत असलं, तर वकिलाचाही वेळ वाचतो आणि तुमचाही.

कुकी म्हणजे नेमकं काय?

साइटच्या सांगण्यावरून ब्राउझरने जपून ठेवलेली एक छोटी नोंद. वेब मुळात विसरभोळं आहे. सर्व्हरकडे एक पान मागितलं, त्याने दिलं, संपलं. दुसरं पान मागायला गेलात की त्याच्या दृष्टीने तुम्ही नवखेच. अशा सर्व्हरवर खरेदीची टोपली चालवायची कशी? १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मोंटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने एक चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने ती पुढच्या प्रत्येक भेटीत दाखवायची. सामान जमा केल्यावर हातात बिल्ला मिळतो ना, तसंच. बहुतेक वेळा बिल्ल्यावर फक्त नंबर असतो, सामान असतं सर्व्हरकडे.

मग एवढ्याशा गोष्टीवर कायदे कशाला?

ज्याने बिल्ला दिला त्यानेच तो वाचला, तर कुणाची हरकत नसते. पण एका पानावर मजकूर तुमचा, जाहिरात दुसऱ्याची, व्हिडिओ तिसऱ्याचा असं असू शकतं आणि यातला प्रत्येक जण आपापला बिल्ला देऊ शकतो. तीच जाहिरात कंपनी हजार साइट्सवर बसलेली असेल, तर एकाच नंबरवरून तिला कळतं की सकाळी आजाराबद्दल वाचणारा, दुपारी कर्जाची चौकशी करणारा आणि रात्री नोकरी शोधणारा माणूस एकच आहे. त्याचं नाव तिला माहीत नसलं तरी काही अडत नाही. यालाच थर्ड-पार्टी कुकी म्हणतात आणि कायद्यांचा मुख्य रोख तिच्यावर आहे.

संमती कशाला लागते आणि कशाला नाही?

युरोपातल्या नियमाचं मूळ २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात आहे. २००९ च्या दुरुस्तीने तो कडक झाला. त्याच्या कलम ५(३) चा मथितार्थ असा : वापरणाऱ्याच्या उपकरणावर काही साठवायचं असेल किंवा तिथलं काही वाचायचं असेल, तर आधी नीट माहिती द्या आणि परवानगी घ्या. सूट दोनच गोष्टींना आहे. एक, जी निव्वळ संदेश पोहोचवण्यासाठी लागते. दुसरी, जी वापरणाऱ्याने स्वतः मागितलेली सेवा देण्यासाठी अगदी आवश्यक असते.

‘आवश्यक’ कुणासाठी, इथे लोक घसरतात. तुमच्या धंद्यासाठी आवश्यक, असा त्याचा अर्थ नाही. समोरच्याने जे मागितलं ते त्याच्याविना देताच येत नाही, असा आहे. टोपली, चालू लॉगिन, निवडलेली भाषा, सुरक्षेसाठीचं टोकन, सर्व्हरवरचा भार वाटणारी कुकी, आणि ‘नको’ हे उत्तर लक्षात ठेवणारी कुकी, या सगळ्या सहसा सुटीत बसतात. जाहिरात, रीमार्केटिंग (येऊन गेलेल्याला पुन्हा जाहिराती दाखवणं), सोशल मीडियाचे पिक्सेल (भेट कळवणारे छोटे अदृश्य कोड), हीटमॅप (लोक पानावर कुठे टिचकी मारतात त्याची नोंद) बसत नाहीत. सीमारेषेवरचं एक उदाहरण म्हणजे लॉगिन. एका भेटीपुरतं लॉगिन टिकवणारी कुकी आवश्यक धरतात. ‘मला लक्षात ठेवा’ म्हणून महिनोन्महिने राहणारी मात्र त्या चौकटीवर वापरणाऱ्याने स्वतः टिचकी मारली तरच.

आणि नियमात ‘कुकी’ असा मर्यादित विचार नाही. लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधली साठवणीची दुसरी जागा) ठेवलेला ओळख क्रमांक किंवा उपकरणाकडून माहिती काढून घेणारा पिक्सेलही त्याच कलमाखाली येतो. ‘आम्ही कुकीज वापरत नाही, लोकल स्टोरेज वापरतो’ हे उत्तर मी गंभीर चेहऱ्याने दिलेलं ऐकलं आहे.

आमच्या कुकीत नाव, ईमेल काहीच नसतं. तरीही?

तरीही. १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपियन युनियनच्या न्यायालयाने प्लॅनेट४९ खटल्यात हे स्पष्ट केलं. साठवलेली माहिती वैयक्तिक आहे की नाही, यावर कलम ५(३) अवलंबून नाही. ती वैयक्तिक असेल तर जीडीपीआर हा युरोपचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा त्यावर आणखी लागू होतो, एवढंच.

आमची संस्था युरोपबाहेर आहे. जीडीपीआरशी आमचा काय संबंध?

संस्था कुठे नोंदवली आहे एवढ्यावर ते ठरत नाही. २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर दोन प्रसंगी बाहेरच्यांनाही लागू होतो : युरोपियन युनियनमधल्या लोकांना तुम्ही वस्तू किंवा सेवा देऊ करत असाल तेव्हा, किंवा तिथल्या त्यांच्या वागण्यावर नजर ठेवत असाल तेव्हा. तिथून कुणी चुकून तुमचं पान उघडलं म्हणून पहिली अट पूर्ण होत नाही. पण तुम्ही युरोमध्ये किमती दाखवता, तिथे माल पाठवता, तर ‘आम्ही बाहेरचे’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

बाकी जगात काय नियम आहेत?

ढोबळमानाने दोन पद्धती. युरोपात आधी विचारायचं. कॅलिफोर्नियात गोळा करायला आधी परवानगी लागत नाही, पण माहिती विकण्याला किंवा जाहिरातीसाठी वाटण्याला नकार द्यायची सोय ठेवावी लागते. तिथला कायदा १ जानेवारी २०२० पासून आहे. ब्राउझरमधून ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल नावाचा नकाराचा संकेत आला तर तोही पाळावा लागतो. तो न पाळणं हा सेफोरा कंपनीवरच्या आरोपांपैकी एक होता आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिने १२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात ‘कुकी’ हा शब्द नाही. पण कुकीतून गोळा होणारी माहिती एखाद्या व्यक्तीशी जोडता येत असेल, तर ती त्याच्या कक्षेत येते. यातल्या दोन गोष्टी साइटवाल्यांनी आत्ताच लिहून ठेवाव्यात. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. आणि मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती. तिचा माग काढणं आणि तिला लक्ष्य करून जाहिराती दाखवणं, दोन्हीला मनाई आहे. कमाल दंड २५० कोटी रुपये.

संमती विचारणारा बॅनर लावला. आता झालं ना?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. बॅनर ही पाटी आहे. दार बंद आहे की उघडं, ते पाटीवरून कळत नाही.

एका संस्थेची साइट तपासायला माझ्याकडे आली होती. बॅनर देखणा, तीन बटणं, मजकूर निर्दोष. मी ब्राउझर उघडला आणि बॅनरला हातही लावण्याआधी यादीत अकरा कुकीज जमा झालेल्या. ‘सर्व नाकारा’ दाबलं, अकराच्या अकरा तिथेच. बॅनर आणि बाकीच्या स्क्रिप्ट्स यांची एकमेकांशी कधी ओळखच करून दिलेली नव्हती. बॅनर बसवणाऱ्याला वाटलं टॅगवाला (मोजणी-जाहिरातींचे कोड, म्हणजे टॅग, बसवणारा) बघेल, टॅगवाल्याला वाटलं बॅनर बघेल. हे अपवादाने घडत नाही. मी पाहिलेल्या साइट्समध्ये हाच दोष सगळ्यात जास्त आढळतो.

तपासायला डेव्हलपर असावं लागत नाही. नवी प्रायव्हेट विंडो उघडा, साइटवर जा, बॅनरला हात लावू नका. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा. क्रोममध्ये ‘ॲप्लिकेशन’ आणि फायरफॉक्समध्ये ‘स्टोरेज’ या भागात कुकीज आणि लोकल स्टोरेज दिसतं. जे दिसेल ते लिहून घ्या. मग ‘नेटवर्क’ भागात बघा, कोणकोणत्या डोमेनना विनंत्या गेल्या. आता नकार द्या, पान पुन्हा लोड करा, दोन-तीन पानं फिरा, पुन्हा यादी करा. मग दुसऱ्या ताज्या विंडोत सगळं मान्य करून तिसरी यादी करा. पहिल्या दोन याद्यांत फक्त आवश्यक गोष्टी हव्यात. तिन्ही याद्या सारख्याच निघाल्या, तर तुमचा बॅनर शोभेचा आहे.

दोष निघाला तर कारण बहुधा यापैकी एक असतं : थीमच्या हेडरमध्ये कधीतरी थेट चिकटवलेला कोड, जो टॅग मॅनेजरला (सगळे टॅग एका जागेवरून चालवणारं साधन) माहीतच नाही, टॅग मॅनेजरमध्ये ‘सर्व पानं’ हाच ट्रिगर ठेवलेला टॅग, किंवा वेग वाढवणारं कॅशिंग प्लगिन, जे स्क्रिप्ट्सचा क्रम बदलतं आणि बॅनर मागे पडतो. शेवटचं कारण सापडायला सगळ्यात त्रासदायक, कारण लॉगिन करून बघणाऱ्या ॲडमिनला बहुतेकदा कॅश केलेलं, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेलं, पान दिसतच नाही आणि त्याच्याकडे सगळं ठीक चालतं.

‘साइट वापरत राहिलात म्हणजे तुम्हाला मान्य आहे’ एवढं लिहिलं तर?

युरोपच्या नियमात चालत नाही. स्क्रोल करणं, गप्प राहणं, आधीच टिचकी मारलेली चौकट, यातली एकही गोष्ट संमती नाही. वर उल्लेखलेला प्लॅनेट४९ खटला अशाच आधी भरून ठेवलेल्या चौकटीवरून झाला होता.

‘नाकारा’ बटण पहिल्याच पडद्यावर हवं का?

माझं उत्तर : हो, आणि ‘स्वीकारा’च्या शेजारी, त्याच आकारात. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला, तो याच मुद्द्यावर. स्वीकारायला एक टिचकी पुरायची, नाकारायला अनेक लागायच्या. जानेवारी २०२२ मध्ये तो जाहीर झाला.

‘स्वीकारा’ ठळक हिरवं आणि ‘नाकारा’ करड्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांत, ही युक्ती सगळ्यांना ओळखू येते, नियामकांनाही. भाषेचंही तेच. ‘नको, मला वाईट अनुभव चालेल’ अशी बटणं लिहिणाऱ्याने ती एकदा मोठ्याने वाचून बघावीत. साधं ‘स्वीकारा’, ‘नाकारा’, ‘निवड करा’ पुरतं.

ॲनालिटिक्स, म्हणजे भेटींची मोजणी, तर आवश्यकच असतं ना?

तुम्हाला, हो. वाचणाऱ्याला नाही, त्याची नोंद न करताही पान त्याला दिसतंच. म्हणून सर्वसाधारणपणे संमती लागते. काही देशांत मात्र फट आहे. फ्रान्समध्ये फक्त स्वतःच्या साइटची वाचकसंख्या मोजणाऱ्या साधनांना अटींवर सूट मिळते : आकडे दुसऱ्या कुठल्या माहितीशी जोडायचे नाहीत, साइटबाहेर माग काढायचा नाही. कुकीचं आयुष्य १३ महिन्यांपर्यंत ठेवावं, अशी शिफारसही आहे. गूगल ॲनालिटिक्सची मुख्य कुकी मुळात दोन वर्षांची असते, म्हणजे तुलना तुम्हीच करा.

मी सहसा साइटवाल्यांना उलट प्रश्न विचारतो : गेल्या सहा महिन्यांत या आकड्यांवरून तुम्ही काय बदललंत? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर कुकीविना फक्त पानांच्या भेटी मोजणारं साधन पुरेल, किंवा सर्व्हरच्या नोंदीही पुरतील.

गूगलचा कन्सेंट मोड लावला की बॅनर लागत नाही, असं ऐकलं.

चुकीचं ऐकलंत. कन्सेंट मोड हा निरोप्या आहे. बॅनरवर मिळालेलं उत्तर तो गूगलच्या टॅगना कळवतो, स्वतः कुणाला काही विचारत नाही. मार्च २०२४ पासून युरोपीय प्रेक्षकांसाठी गूगलच्या जाहिरात सेवा नीट वापरायच्या तर त्याची दुसरी आवृत्ती लागते, म्हणून एवढी धावपळ झाली.

त्याचे दोन प्रकार आहेत आणि फरक मोठा आहे. बेसिकमध्ये संमती मिळेपर्यंत गूगलचा टॅग लोडच होत नाही. ॲडव्हान्स्डमध्ये टॅग आधीच लोड होतो आणि नकार असला तरी कुकीविना काही संकेत गूगलकडे जातात. ते तुमच्या वकिलाला चालतील का, हे टॅग लावण्याआधी विचारा. मला स्वतःला बेसिकच पसंत आहे. ‘नको’ म्हणणाऱ्याकडून काहीच जायला नको, हे समजावून सांगायलाही सोपं पडतं.

पानात व्हिडिओ, नकाशे, बाहेरचे फॉन्ट आहेत. त्यांचं काय?

हा कोपरा बहुतेक जण विसरतात. व्हिडिओ एम्बेड केला की वाचकाने तो चालू केला नाही तरी त्याचा ब्राउझर त्या कंपनीशी बोलून मोकळा होतो. सोपा उपाय असा : व्हिडिओच्या जागी एक स्थिर चित्र ठेवायचं, खाली एका ओळीत ‘चालू केल्यास अमुक कंपनीला माहिती जाईल’ असं लिहायचं आणि टिचकीनंतरच खरा व्हिडिओ आणायचा. पानही हलकं होतं. यूट्यूबचा ‘नोकुकी’ पत्ता वापरणं बरं, पण तोही यूट्यूबशीच बोलतो.

फॉन्ट तर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, विषय संपला. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने गूगल फॉन्ट्स बाहेरून लोड करणाऱ्या एका साइटला वाचकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. कारण वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या परवानगीशिवाय गूगलकडे गेला. त्यात कुकी नव्हतीच.

‘ते बटण फेसबुकचं आहे, जबाबदारी त्यांची’ हेही टिकत नाही. जुलै २०१९ च्या फॅशन आयडी निकालानुसार असं बटण पानात ठेवणारी साइट, माहिती गोळा होऊन पुढे पाठवली जाण्यापुरती, कंपनीच्या जोडीने जबाबदार असते.

नकार देणाऱ्याला साइट बघूच द्यायची नाही, असं करता येईल का?

युरोपातल्या नियामक मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशा भिंतीला नापसंती दिली आहे, कारण दार अडवून घेतलेली संमती मोकळेपणाने दिलेली म्हणता येत नाही. ‘पैसे भरा किंवा माग काढू द्या’ या नमुन्यावर अजून वाद चालू आहे. एप्रिल २०२४ मध्ये त्याच मंडळाने मोठ्या प्लॅटफॉर्म्सबद्दल म्हटलं की फक्त हे दोनच पर्याय ठेवले तर बहुतेक वेळा संमती वैध ठरणार नाही. छोट्या साइटने या भानगडीत न पडलेलं बरं.

संमतीचा पुरावा कसा ठेवायचा?

जीडीपीआरमध्ये संमती मिळाली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. कधी दिली, कशाला दिली, कशाला नाकारली आणि त्या वेळी बॅनरवर कोणता मजकूर होता, एवढं नोंदवा. मजकुराच्या आवृत्त्या जपायला लोक विसरतात. दोन वर्षांनी ‘तेव्हा नेमकं काय लिहिलं होतं’ हे कुणालाच आठवत नाही. पण हा पुरावा ठेवण्याच्या नादात वाचकाचा पूर्ण आयपी पत्ता वर्षानुवर्षं साठवू नका. एक यादृच्छिक क्रमांक पुरतो.

एकदा दिलेली संमती किती दिवस धरायची? आणि कुणी परत घेतली तर?

सगळ्यांसाठी एक आकडा नाही. सीएनआयएल सहा महिने ही चांगली प्रथा मानतं आणि नकारही तेवढाच काळ लक्षात ठेवावा असं सांगतं. प्रत्येक भेटीत पुन्हा विचारून माणसाला थकवून ‘हो’ म्हणायला लावणं बरोबर नाही.

परत घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘कुकी सेटिंग्ज’ दुवा ठेवा. मागे घेतल्यावर टॅग थांबले पाहिजेत आणि तुमच्या डोमेनवरच्या कुकीज पुसल्या पाहिजेत. दुसऱ्यांच्या डोमेनवरच्या तुम्हाला पुसता येत नाहीत. ब्राउझर ते करू देत नाही. त्या कशा काढायच्या हे धोरणात दोन ओळींत सांगा.

कुकी धोरण दुसऱ्या साइटवरून उचलून चालेल?

नाही. मी असं एक धोरण वाचलं आहे ज्यात मूळ कंपनीचं नाव तीन ठिकाणी तसंच राहिलं होतं. तुमच्या याद्या तुमच्याकडे आहेतच (वरची तपासणी केली असेल तर); त्यावरून कुकीचं नाव, कोण ठेवतं, कशासाठी, किती काळ, आणखी कुणाला दिसते, हे साध्या भाषेत लिहा. कालावधी आणि इतरांना मिळणारा प्रवेश सांगणं प्लॅनेट४९ निकालाने बंधनकारक ठरवलं आहे.

थर्ड-पार्टी कुकीज बंद होणार होत्या ना? मग हा खटाटोप कशाला?

सफारीने त्या मार्च २०२० मध्ये सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात कोंडायला सुरुवात केली. क्रोमने २०२० मध्ये दोन वर्षांत बंद करू म्हणून सांगितलं, मुदत वाढवत नेली आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. पण त्या उद्या गेल्या तरी तुमचं काम कमी होत नाही, कारण कायदा तंत्राचं नाव बघत नाही. फर्स्ट-पार्टी, म्हणजे तुमच्याच साइटने ठेवलेल्या, कुकीतून माग काढलात तरी संमती लागतेच.

संमतीचं तयार साधन विकत घ्यावं का?

जाहिरातींवर चालणाऱ्या साइटला पर्याय नसतो. बाकीच्यांनी घेताना एवढंच बघा : संमतीआधी स्क्रिप्ट खरोखर अडवतं का, कीबोर्डने आणि स्क्रीन रीडरने वापरता येतं का, नोंदी कुठे ठेवतं. ‘आमचं साधन लावा, कायद्याचं पूर्ण पालन’ अशी हमी देणाऱ्याकडून ती लेखी मागून बघा.

दंड खरंच होतात, की नुसती भीती?

होतात. जीडीपीआरमध्ये कमाल मर्यादा २ कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. कुकीजसाठी सीएनआयएलने सप्टेंबर २०२५ मध्ये शीन या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीला १५ कोटी युरोंचा दंड केला. छोट्या साइटला एवढं कुणी विचारणार नाही; तिच्याकडे येते ती तक्रार, मग खुलासा मागणारं पत्र, आणि उत्तर द्यायची मुदत. त्या पत्राला जोडायला वरच्या तीन याद्या हाताशी असल्या की निम्मं काम झालेलं असतं.

बॅनरच नको असेल तर?

मग त्याची गरज निर्माण करणाऱ्या गोष्टी काढा. फॉन्ट स्वतःकडे, व्हिडिओ टिचकीनंतर, सोशल मीडियाच्या बटणांऐवजी साधे दुवे, मोजणी कुकीविना. उरलेल्या कुकीज फक्त आवश्यक असतील तर संमती विचारायची गरजच नाही. धोरणाच्या पानावर त्यांची माहिती दिली की पुरे. माहितीपर साइट्ससाठी मी आधी हाच मार्ग सुचवतो. बहुतेकांना तो पटतो, फक्त ‘सगळ्यांच्या साइटवर बॅनर असतो, आपल्याही असला पाहिजे’ म्हणणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतोच.

तपासणी किती वेळा करायची?

दर तिमाहीला एकदा, आणि प्लगिन किंवा थीम बदलली, नवी मोहीम सुरू झाली की त्याच दिवशी. टॅग मॅनेजरमध्ये बदल करायचे अधिकार कुणाकुणाकडे आहेत तेही त्याच वेळी बघा. मागे एकदा ज्या पिक्सेलचा उगम कुणालाच सापडत नव्हता, तो काम सोडून वर्ष झालेल्या एका एजन्सीच्या खात्यातून आला होता, आणि ते खातं अजून चालू होतं.